खोडरबर आधी खाली ठेवा

डोंबिवलीहून एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. त्यातला मुद्द्याचा भाग एवढा:

“कामानिमित्त महिन्यातून दोनदा पुण्याला जातो. मागच्या खेपेला एका रद्दीच्या दुकानात ‘कोसला’ दिसली, चाळीस रुपयांत घेतली. घरी येऊन बघतो तर देशमुख आणि कंपनीची, १९६३ ची! वरचं मुखपृष्ठ गेलंय. पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत एका मुलाचं नाव, होस्टेलचा खोली नंबर आणि १९६४. त्याखाली वेगळ्या अक्षरात एका बाईंचं नाव. आत एका तालुक्याच्या वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का आणि समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा. त्या दिवसापासून गाजलेल्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायचं वेड डोक्यात शिरलंय. नावं आणि शिक्का काढता येतील का? पेन्सिल मी खोडायला घेतलीच आहे. रेक्झिनचं मजबूत बाइंडिंग करून घेऊ का? शिवाय व्हॉट्सअॅपवर एक जण ‘रणांगण’ची पहिली आवृत्ती देतोय, लेखकाची सही, सहीखाली १९३९. पंचवीस हजार मागतोय. घेऊ का? बायको म्हणते, घरात आपली माणसं मावत नाहीत, त्यात ही दुसऱ्यांची रद्दी.”

सोबत पाच-सहा फोटो आहेत.

तर आधी खोडरबर खाली ठेवा. बाकीचं नंतर बोलू.

किती पानं खोडलीत ते लिहिलेलं नाही, पण फोटोंवरून पहिल्या दहा-बारा पानांवर हात फिरलेला दिसतोय. झालं ते झालं. तिरप्या उजेडात पान धरलंत तर पेन्सिलीच्या दाबाच्या रेघा अजून दिसतील. त्यांचे फोटो काढून ठेवा.

तुमच्या हातात काय आहे ते नीट बघा. १९६३ साली ‘कोसला’ आली तेव्हा तिचे लेखक भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. ज्ञानपीठ, अभ्यासक्रम, चर्चासत्रं हे सगळं फार पुढचं. तेव्हा ती एका नवख्या लेखकाची विचित्र वाटणारी कादंबरी होती. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचं होस्टेल, मेस, उधाऱ्या, आणि शेवटी हात हलवत गावी परतणं. आणि तुमची प्रत १९६४ मध्ये कुणाकडे होती? पुण्यातल्या एका होस्टेलवर राहणाऱ्या मुलाकडे. कादंबरी ज्याच्याविषयी आहे, जवळजवळ त्याच्याच हातात ती पडली होती, आणि ती मोठी आहे हे त्याला कुणी सांगण्याआधी. त्याने जिथे रेघ मारली ती त्याला वाटलं म्हणून मारली, परीक्षेत येणार म्हणून नव्हे. असा वाचक आता मिळायचा नाही. आज ‘कोसला’ हातात घेणाऱ्याला ती थोर आहे हे आधीच ठाऊक असतं.

तुमच्या फोटोंमधली एक गोष्ट मला फार आवडली. होस्टेलच्या पानांवर रेघांची नुसती गर्दी. एका ठिकाणी समासात “मेस!!” असं दोन उद्गारचिन्हांसह. आणि पांडुरंगची धाकटी बहीण मनी जाते त्या पानांवर काही नाही. एक टिंबसुद्धा नाही. फक्त वरचा कोपरा दुमडलेला आहे, आणि घडी इतकी जुनी की तिथे कागद तपकिरी पडलाय. तो कोपरा सरळ करू नका. जुन्या घडीवर कागद तुटतो हे एक कारण. दुसरं तुम्हाला कळलंच असेल.

आता ही पहिली आवृत्ती आहे हे कशावरून? तुमच्या बाबतीत सोपं आहे, कारण ‘कोसला’ पुढे पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. देशमुखांचं नाव, १९६३ साल आणि आवृत्त्यांची यादी नाही, म्हणजे प्रश्न मिटला. पण पुढच्या खरेदीत हमखास फसाल असं एक ठिकाण सांगून ठेवते. श्रेयपानावर, म्हणजे प्रकाशक-मुद्रकाची माहिती असते त्या पानावर, “पहिली आवृत्ती : अमुक साल” अशी ओळ दिसली की नवा संग्राहक उडी मारतो. ती ओळ पंधराव्या पुनर्मुद्रणातही असते! यादीतलं शेवटचं साल बघायचं, पहिलं नव्हे. आणि प्रकाशक बदलला की नव्या प्रकाशकाची पहिली आवृत्तीही “प्रथमावृत्ती” म्हणूनच छापली गेलेली मी पाहिली आहे. खोटं काही नाही त्यात, पण आपल्या कामाचं नाही. जुन्या पुस्तकांवर साल शकात असतं, इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा. पौष ते फाल्गुनातलं पुस्तक असेल तर बहुधा ७९.

पडताळणीसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ बघा. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० पर्यंतची मराठी पुस्तकं नोंदलेली आहेत. मोठ्या ग्रंथालयात बसून चाळायला मिळते. आणखी खोलात जायचं असेल तर ब्रिटिश सरकारच्या कृपेने एक सोय झालेली आहे. १८५७ नंतर छापखान्यांवर नजर ठेवायची म्हणून १८६७ साली पुस्तक-नोंदणीचा कायदा आला. त्यात छापखान्याचं नाव, पानं, आवृत्ती कितवी, प्रती किती काढल्या आणि किंमत काय हे सगळं नोंदवावं लागे. मुंबई इलाख्याच्या या याद्या दर तिमाहीला निघत. पाळत ठेवायला केलेलं काम आज संग्राहकाच्या उपयोगी पडतं.

आता शिक्का. पत्रात तुम्ही त्यावरून घाईने पुढे गेलात, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, आणि तो काढायचा कसा हा नाही. पुस्तक वाचनालयातून बाहेर कसं आलं, हा आहे.

वाचनालयातून पुस्तक दोन वाटांनी बाहेर पडतं. एक सरळ वाट: पुस्तक जीर्ण झालं, समितीने ठराव केला, दाखल नोंदवहीत त्यापुढे शेरा पडला, मग रद्दीत गेलं. यालाच निर्लेखन म्हणतात. अशा पुस्तकावर बहुधा “बाद” किंवा “निर्लेखित” असा शिक्का किंवा शाईची आडवी रेघ असते. दुसरी वाट म्हणजे कुणीतरी वाचायला नेलं आणि परत केलं नाही. तो माणूस गेला, मुलांनी घर रिकामं केलं, पुस्तकं किलोवर विकली. तुम्ही चोर नाही, रद्दीवालाही नाही, पण पुस्तक अजून वाचनालयाचंच आहे.

तुमच्या फोटोत “बाद” कुठे दिसत नाही. मुखपानावर शिक्का आहे आणि हाताने लिहिलेला दाखल क्रमांक आहे. आणखी एक करा. बरीच वाचनालयं एक गुप्त पान ठरवून ठेवतात, समजा ५१ वं. प्रत्येक पुस्तकाच्या त्याच पानावर छोटा शिक्का. मुखपान कुणी फाडलंच तर ओळख पटावी म्हणून. सगळी पानं उलटून बघा. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तारीखपट्टी चिकटवलेली होती का तेही बघा. काढली असेल तर डिंकाचा चौकोन उरतो. पट्टी असेल तर शेवटची तारीख टिपून घ्या. पुस्तक वाचनालयाबाहेर किती वर्षं राहिलं याचा अंदाज त्यावरून येतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागून सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी फुटपाथवर तिसाच्या दशकातली एक कादंबरी मिळाली होती, मूळ मुखपृष्ठासकट. मुखपानाचा एक भाग ब्लेडने खरवडलेला. मी म्हटलं, कुणीतरी नाव काढलं असेल. घरी दिव्यासमोर पान धरलं तर उलट बाजूने शिक्क्याची अर्धी अक्षरं स्वच्छ वाचता आली. फोन केला. तिथल्या ग्रंथपालबाईंनी दुसऱ्या दिवशी नोंदवही उघडून सांगितलं की पुस्तक बाद केलेलं नाही, एका सभासदांकडे गेलंय आणि ते सभासद वारलेत. मी ते पार्सलने परत पाठवलं. दिलेले पैसे गेले, ते जाणारच होते. पंधरा दिवसांनी वाचनालयाची छापील पावती आली: “आपण भेट दिलेला ग्रंथ साभार पोच.” त्यांचंच पुस्तक मी त्यांना भेट दिलं होतं! परत आलेल्या पुस्तकासाठी त्यांच्याकडे दुसरी पावतीच नव्हती.

ती पावती माझ्या संग्रहात आहे. पुस्तकापेक्षा ती दाखवताना मला जास्त मजा येते.

तेव्हा शिक्का काढायचा नाही. काढताही येत नाही. ब्लीचने जांभळा रंग फिका होतो आणि कागद ठिसूळ होतो. खरवडलं तर भोक पडतं. आणि शिक्का काढलेलं पुस्तक चोरीचं दिसतं, मग ते तसं असो वा नसो.

नावांबद्दल तुमच्या डोक्यात जे बसलंय ते इंग्रजी कादंबऱ्या जमवणाऱ्यांच्या वाचनातून आलं असावं. कोरी, निष्कलंक प्रत, जणू कुणी उघडलीच नाही. त्या जगातही हे अर्धसत्यच आहे. जेन ऑस्टेनची ‘एमा’ घ्या. डिसेंबर १८१५ मध्ये निघाली, मुखपानावर साल मात्र १८१६ (आपल्याकडच्याच प्रकाशकांची सवय वाटेल). लेखिकेच्या वाट्याच्या प्रती बारा. बहुतेक घरच्यांना गेल्या, एक राजपुत्राकडे. आणि एक गेली ॲन शार्प नावाच्या बाईंकडे, ज्या पूर्वी ऑस्टेनच्या भावाच्या घरी शिकवायला होत्या. पगारी शिक्षिका. ती तीन खंडांची प्रत २००८ साली लंडनच्या बोनहॅम्सच्या लिलावात १,८०,००० पौंडांना गेली. आतल्या पानावर “लेखिकेकडून” एवढीच अक्षरं, आणि तीही ऑस्टेनच्या हातची नाहीत, प्रकाशकाच्या कचेरीतल्या कुणाची तरी आहेत. म्हणजे पैसे सहीला नाही मिळाले. मिळाले ते यासाठी, की भावाच्या घरी नोकरी केलेल्या मैत्रिणीला तिने राजपुत्राच्या रांगेत बसवलं, आणि ते पुस्तक अजून आहे.

मराठी पुस्तकांना असा बाजार नाही, त्यामुळे पौंडांची स्वप्नं बघू नका. पण मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानावर जे सापडतं ते इंग्रजी पुस्तकांत चिकटवलेल्या, मालकाच्या नावाच्या नक्षीदार चिठ्ठ्यांपेक्षा मला जास्त बोलकं वाटतं. “चि. सौ. कां. हिला विवाहप्रसंगी सप्रेम भेट.” “वक्तृत्व स्पर्धा, द्वितीय क्रमांक.” “अभिप्रायार्थ सादर”, आणि पुढची कडेला जोडलेली पानं फाडून सुटी केलेलीच नाहीत, म्हणजे अभिप्राय देणाऱ्याने उघडलंही नाही. एका कादंबरीवर मी माहेरचं नाव, त्यावर एक सरळ रेघ, खाली सासरचं नाव, तीच शाई, तेच वळणदार अक्षर पाहिलंय. तारखांमध्ये सहा आठवड्यांचं अंतर. पुस्तक बरोबर नेलं होतं बाईंनी.

म्हणून तुमच्या प्रतीवरचं दुसरं नाव महत्त्वाचं आहे. पण त्यावरून लगेच प्रेमकथा रचू नका. आडनाव वेगळं आहे एवढंच आपल्याला दिसतं. बहीण असेल, बायको असेल, रद्दीतून घेणारी तुमच्यासारखीच कुणी असेल. पेन्सिल बघा. फोटोत दोन पेन्सिली दिसतात, एक काळी बारीक आणि एक तांबूस, जाडसर. तांबूस पेन्सिल कोणत्या पानापासून सुरू होते, ती काळ्या रेघेला उत्तर देते की स्वतःचं काही बोलते, हे कागदावर उतरवून काढा. एक रविवार जाईल. आणि मुलाचं नाव शोधायला फेसबुकवर टाकू नका. तो गृहस्थ आज ऐंशीच्या घरात असेल, त्याला आपलं तरुणपणचं अक्षर अनोळखी लोकांच्या भिंतीवर बघायचं असेलच असं नाही. आधी वाचनालयाला विचारा. पुस्तक देणगीत आलं असेल तर देणगीदाराचं नाव नोंदवहीत असतं, आणि कदाचित या दोघांपैकी एक तोच असेल.

आता ‘रणांगण’. फोटो मोठा करून बघितला. सही असेलही खरी, मला ठाऊक नाही. लेखक विश्राम बेडेकर १९९८ पर्यंत होते. १९३९ च्या प्रतीवर त्यांनी १९८० मध्ये कुणाला बॉलपेनने सही करून दिली असेल तर त्यात काही गैर नाही. भानगड सहीत नाही, तारखेत आहे. सही आणि “१९३९” दोन्ही एकाच पेनाने लिहिलंय, रेघ सगळीकडे एकसारख्या जाडीची आहे, आणि वळणावर शाईचा बारीक गोळा साठलाय. हे बॉलपेन आहे. बॉलपेन दुकानात आलं ते दुसरं महायुद्ध संपता संपता. युद्ध सुरू झालं त्या वर्षी ते कुणाच्या खिशात नव्हतं. विकणाऱ्याला त्या पानाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, आडवा उजेड टाकून. बॉलपेन दाबून चालतं, मागे उमटतं. टाक किंवा फाउंटन पेन तसं उमटत नाही. तो फोटो द्यायला टाळाटाळ करेल, असा माझा अंदाज. केलीच तर उत्तर मिळालं.

अशी साधी साधनं बरीच आहेत. किंमत नव्या पैशांत असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं नाही, त्याआधी रुपये-आणे-पै. दुकानाच्या शिक्क्यावर “मुंबई ४” किंवा “पुणे २” असेल तर तो बहुधा १९७२ च्या आधीचा. त्या वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आले आणि मुंबई ४ चं ४०० ००४ झालं. अर्थात जुनी सवय असलेले दुकानदार नंतरही जुना शिक्का मारत राहिले असतील, पण ४११ ०३० लिहिलेला शिक्का घेऊन कुणी १९६० ची गोष्ट सांगू लागला तर हसून पुढे जा.

पंचवीस हजारांचं काय, असं विचाराल. मी देणार नाही. सही वगळून, मूळ मुखपृष्ठ असलेली, बाइंडिंगवाल्याने समास न कापलेली प्रत असेल तर वेगळं बोलता येईल, पण तेव्हाही हातात घेऊन बघितल्याशिवाय नाही.

यावरून बाइंडिंगचं. नको. रेक्झिन तर अजिबात नको. बाइंडर पानांच्या कडा सारख्या करायला मशीनवर कापतो, आणि तुमच्या समासातला “मेस!!” अर्धा जाईल. आपल्याकडच्या कितीतरी पहिल्या आवृत्त्यांची मुखपृष्ठं, चित्रकार दीनानाथ दलालांच्या चित्रांसकट, वाचनालयाच्या बाइंडिंगमध्येच गेली. सेलोटेपही नको, दहा वर्षांत तो पिवळा डाग सोडून गळून पडतो. चांगल्या जाड, आम्लरहित कागदाची एक पेटी करून घ्या. ते जमेपर्यंत धुतलेल्या सुती कापडात पोथीसारखं बांधा. बासनात गुंडाळून ठेवणं आपल्याकडे बदनाम झालंय, पण पोथ्या टिकल्या त्या बासनामुळेच. कपाटात वेखंडाची पुरचुंडी चालेल, डांबरगोळी पुस्तकाला टेकवू नका. डोंबिवलीच्या पावसाळ्यात भिंतीला लागून असलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा. कसर लागते ती ओल आणि अंधार मिळाल्यावर. वाळवीचं तर नावच नको.

काय जमवायचं, याची यादी मी देणार नाही. मराठीतली पहिली कादंबरी मानतात त्या ‘यमुनापर्यटन’ची १८५७ ची प्रत शोधायला निघू नका, एवढंच सांगते. हरिभाऊ आपट्यांचं म्हणाल तर तिथे पहिली आवृत्ती कशाला म्हणायचं हाच वाद आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ आधी त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली, पुस्तक नंतर. कुणा घरात ‘करमणूक’चे अंक शिवून ठेवलेले मिळाले, त्यावर तेलाचा डाग आणि आजीचं नाव असेल, तर मी पुस्तक सोडून ते घेईन. दिवाळी अंकातून आधी आलेल्या कादंबऱ्यांनाही हेच लागू. तुम्ही सुरुवात केलीच आहे, तर साठच्या दशकातल्या कॉलेजच्या पोरांनी वाचलेल्या कादंबऱ्या एवढाच धागा धरला तरी वीस वर्षं पुरेल, आणि एका फळीत मावेल.

फळीवरून आठवलं. बायको म्हणते त्यात तथ्य आहे. एक फळी मागून घ्या, एकच, आणि ती भरली की एक गेल्याशिवाय दुसरं घरात नाही. माझ्या घरी हा नियम आहे. मी तो मोडते, तो भाग वेगळा.

प्रत्येक पुस्तकाबरोबर एक सुटा कागद ठेवा: कधी, कुठे, कितीला घेतलं, विकणारा काय म्हणाला. “पुणे, रद्दी, चाळीस रुपये, कुणाच्या घरची रद्दी ते दुकानदाराला आठवत नाही.” आठवत नाही हेही लिहायचं. पुढच्या खेपेला त्याच दुकानात जाऊन पुन्हा विचारा. त्या दिवशी अख्खं पोतं आलं असेल तर त्याच घरातली आणखी पुस्तकं अजून तिथेच पडली असतील, त्याच निळ्या शाईची.

त्याआधी तालुक्याला फोन करा. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, दुपारी बहुतेक वाचनालयं बंद असतात. आधी पुस्तकाचं नाव सांगू नका, दाखल क्रमांक सांगा. नावाने शोधायला त्यांना आठवडा लागेल, क्रमांकाने पाच मिनिटं. परत मागितलं तर द्या, आणि पावती मागून घ्या. देण्याआधी मात्र प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानं आणि तो दुमडलेला कोपरा धरून.